मारुबाईची पापणी

"आत्याबाई, डुलक्या नका घेऊ. खाणीवर सगळ्यांच्या हातात छिन्न्या आहेत," असं म्हणत दुर्गाने सासूला, मारुबाईला, दुपारचा चौथा चहा दिला.

पाथरवटांच्या त्या वस्तीत डोळ्यात कपची गेली नाही असा माणूस विरळाच. जखम भरायची, पण रोज सकाळी पापणी उघडताना बुबुळावरची साय पुन्हा सोलून निघायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी लेसरने सगळ्यांची बुबुळं तासली आणि त्यांवर मारुबाईच्या ठणठणीत डोळ्यातल्या पेशींचं विरजण लावलं. दुखणं पळालं, पण म्हातारीची पापणी लवली की चाळीस जणांची लवायला लागली. ती झोपली की वस्तीचे डोळे मिटत. डोळे धड असल्यामुळे दुर्गा तेवढी वाचली होती.

"आणि मी मेले म्हणजे गं?" म्हातारीने मिश्कीलपणे विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

कप कलंडला. मारुबाई भिंतीला टेकून गेली ती उघड्या डोळ्यांनी.

घटकाभरात अंगणात चाळीस माणसं जमली. एकाचीही पापणी हलत नव्हती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"मिटव गं, आग होतेय नुसती!" शेजारीण ओरडली.

"मिटले तर पुन्हा उघडतील का?" कुणीतरी म्हणालं.

दुर्गाने दोन बोटं सासूच्या पापण्यांवर टेकवली. तेवढ्यात तिचा नवरा हणमंता गर्दीतून पुढे आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"जरा थांब," तो म्हणाला, "तुला नीट बघून घेऊ दे."

मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "हं. मिटव आता."