निम्म्या बाटल्या

धाकटी नणंद लग्न होऊन गेली, त्या वर्षी सुनेने तिच्या रिकाम्या खोलीत बुरशी वाढवायला घेतली. रोपांची मुळं कुजू न देणारी ही गुणाची बुरशी. उकडलेलं धान्य बाटल्यांत भरायचं, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, आणि बाटली आतून हिरवीगार झाली की रोपवाटिकांना विकायची. पण निम्म्या बाटल्या हिरव्या व्हायच्याच नाहीत, आणि सून नवऱ्यावर आग पाखडायची.

"पुन्हा निम्म्या बाटल्या फुकट गेल्या! हात धुता का कधी? नोकरी सोडून मी इथे माती खायला बसले का?"

"अगं, मी त्या खोलीत पाऊलही टाकत नाही!"

"मग काय भुताने केलं?"

सासूबाई दुखऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून ऐकत बसायच्या.

पुढे त्यांना एकाएकी दवाखान्यात हलवावं लागलं. तिथे त्यांनी सुनेचा हात धरला.

"त्याला उगाच बोलू नकोस गं. तुझ्या धान्याला बुरशी लागून सगळं हिरवं पडत होतं. मीच रोज बोळ्यांना लवंगेचं तेल लावायचे. हात पोचले तेवढ्या बाटल्या वाचवल्या. माझ्यामागे तू लावत जा."

सुनेच्या ओठांवर आलेली शिवी दातांतच राहिली.

"लावीन, आई."



सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. त्या महिन्यात भरलेल्या सगळ्या बाटल्या काठोकाठ हिरव्या झाल्या.