वास मोठ्याने सांगा

विभागप्रमुखांचं कपाट रिकामं करायला सगळे जमले होते. उद्यापासून सर निवृत्त. विद्यापीठात रसायनशास्त्र सुरू झालं तेव्हा सायकलींच्या शेडमध्ये दोन टेबलं मांडून शिकवणारे ते एकटेच होते. आता विभागाची स्वतःची इमारत होती. सरांचा दरारा मात्र शेडमधल्यासारखाच, नाकावर माशी बसू देत नसत.

कपाटाच्या कोपऱ्यातून एक जुनी बाटली निघाली. चिठ्ठी केव्हाच गळून पडलेली.

नुकत्याच लागलेल्या प्राध्यापकाने उत्साहाने बूच काढलं आणि बाटली सरांपुढे धरली. "सर, तुम्ही नुसत्या वासावर ओळखता म्हणे. आज होऊन जाऊ दे!"

पहिल्या तुकडीतली सरांची विद्यार्थिनी, उद्याची विभागप्रमुख, बाटली घ्यायला घाईने पुढे आली. सरांनी तिला हातानेच थांबवलं. एरवी ते "आधी तुम्ही सांगा" म्हणून वेळ मारून नेत. पण 'दिसेल तेच लिहा' म्हणत जिथे जन्मभर पोरांना धारेवर धरलं, तिथून खोटं बोलून निघणं त्यांच्या जिवावर आलं.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "कित्येक वर्षं झाली. प्रयोगशाळेतून काढतील म्हणून बोललो नाही."

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "मागे एकदा गॅस सुटला होता आणि तुम्ही आत खुशाल लिहीत बसला होतात. तेव्हापासूनच आपल्याकडे वास आला की मोठ्याने सांगायचा."

नवा प्राध्यापक चाट पडला. "तो नियम त्यासाठी होता? मी तर घरी दूध करपलं तरी ओरडतो. बायको वैतागलीय."

सगळे हसले. सर मात्र एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"आणि मी वेड्यासारखा गोंगाटावरून तुम्हालाच झापत राहिलो," ते म्हणाले. "फार सांभाळलंत रे मला."

मग त्यांनी बाटली हातात घेतली. पहिल्या दिवशी सगळ्यांना शिकवत तशी नाकापासून लांब धरली, दुसऱ्या हाताने वास हलकेच आपल्याकडे ओढला, आणि वाट पाहत थांबले.

"पिकलेलं केळं!" अख्खी खोली ओरडली.

"बरोबर," सर म्हणाले, आणि डोळे मिटून पुन्हा एकदा सावकाश हात हलवला.