मावशीचा न लागणारा नंबर

घरच्या फोनवरून सगळीकडे फोन लागत होता, फक्त मावशीकडे लागत नव्हता. माझी धाकटी बहीण, चिमी, सकाळपासून तिच्याकडेच होती. "थांब गं आई, घरातली इंजिनिअर मी आहे ना!" असं ऐटीत म्हणत मी वायर काढून पुन्हा लावली. नंबर फिरवला की दोन रिंग वाजायच्या, कुणीतरी उचलल्यासारखं व्हायचं आणि मग नुसती शांतता. तीनदा तेच झालं.

शेवटी आईच्या मोबाइलवरून लावला.

"किती घाई करशील गं?" मावशी हसली. "तीन वेळा फोन करून सांगितलंस, चिमीला फाटकाशी पाठव म्हणून. पाठवली की!"

"मावशी, मी घरीच आहे."

"चल, चावट! खिडकीतून दिसतेयस मला, तिचा हात धरून निघालेली. पण अगं, घर तर या बाजूला आहे!"