दाढेला पाणी

"तोंड मिटू नका बाबा," असं म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईने वडिलांच्या गालात कापसाची आणखी एक सुरळी सारली.

बाबा छताकडे पाहत पडले होते. छत त्यांचंच होतं. गवंडीकामातून निवृत्त होण्यापूर्वी लेकीच्या दवाखान्याची वीट न् वीट त्यांनीच लावली होती. आता रोज बाहेरच्या बाकावर बसून ते तिच्याच पायावर धोंडा पाडत होते. "उजेड मारून दात पक्का करते म्हणे," असं ते शेजारच्याला सांगत. "पाणी न मारता पक्कं झालेलं काम मी तरी जन्मात पाहिलं नाही." कालच एक गृहस्थ हे ऐकून पिशवी उचलून चालते झाले. असंच चाललं तर दवाखान्यात माश्या मारत बसायची पाळी येणार होती. तेवढ्यात आज सकाळी खुद्द बाबांच्या दाढेचा टवका उडाला, आणि लेकीने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"हा बघा आमचा माल. आत्ता लोण्यासारखा मऊ आहे. निळा उजेड पडला की दगड होतो. फक्त तोवर ओल लागता कामा नये, नाहीतर दाताला धरत नाही. कळलं?"

"आँ."

तिने दाढ भरली आणि दिवा घ्यायला वळली. परत पाहते तो कापूस एकीकडे, आणि बाबांची जीभ दाढेवरून मन लावून फिरत होती.

"अहो, काय करताय?"

"आणी आअतोय."

पाणी मारत होते!

तिने कपाळावर हात मारला. बाहेर लोक ताटकळले होते. वरून उजेड मारून मोकळं होता आलं असतं. दाढ आज छान दिसली असती आणि महिन्या-दोन महिन्यांनी निखळली असती. एक क्षण तिला मोह झाला. मग तिने मुकाट्याने सगळा माल खरवडून काढला, दाढ कोरडी केली, आणि एकेक पातळ थर देत, प्रत्येक थरावर उजेड मारत, पुन्हा भरली.

बाबांनी दाढेवर नखाने टकटक केलं. नव्या गिलाव्यावर करायचे, तसंच कान देऊन. लेक श्वास रोखून उभी राहिली. पण ते तडक उठून बाहेर गेले.

"एवढा वेळ?" गाल सुजलेल्या एका बाईंनी विचारलं. "बिघडलं वाटतं?"

"बिघडलं तर!"

दारातल्या लेकीने डोळेच मिटले.

"मीच बिघडवलं," बाबा म्हणाले. "झाकून टाकलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पोरीने आपलं काम आपल्या हाताने फोडलं आणि परत केलं. असे कारागीर मी आयुष्यात दोनच पाहिले. दुसरा मी."

बाई उठून सरळ आत गेल्या. लेकीला इतका आनंद झाला, की ती धावतच बाबांच्या बाकापाशी आली.

"बाबा, पक्की झालीय हो दाढ," ती म्हणाली. "आता खुशाल काहीही खा."

बाबा बाकावर ताठ बसले होते. हातात पाण्याचा ग्लास होता आणि त्या बाजूचा गाल टम्म फुगला होता. घाई नको, अशी त्यांनी हातानेच खूण केली.