हलकी नळी

"नळी बदलून दे," छर्‍याची बंदूक काउंटरवर ठेवत श्यामकांत म्हणाला. "उघडी असताना पोराने चाप ओढला नि वाकली."

दिपकने बंदूक उचलून डोळ्यासमोर धरली. डहाणू स्टेशनच्या मागच्या गल्लीत तो शिलाई मशिनी, फवारणीचे पंप आणि वाडीवाल्यांच्या या बंदुका दुरुस्त करायचा. छर्रा भरायला नळी खाली वाकवून उघडतात. तशात कुणी चाप ओढला, तर ती स्प्रिंगच्या जोराने फाडकन मिटते आणि वरच्या अंगाला वाकते. अशा दोन-तीन दर मोसमाला यायच्याच.

ही डाव्या अंगाला वाकली होती. चाप ओढून नळी कधी आडवी वाकत नाही. त्यासाठी ती कशावर तरी हाणावी लागते.

टोकाजवळच्या, नेम धरायच्या खुंटीत निळा धागा अडकला होता.

श्यामकांतच्या मागे त्याच्या चिकूच्या वाडीतला गडी उभा होता, चिमण. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. अंगात निळा शर्ट, उजवी बाही फाटून लोंबत होती.

"याला काय झालं?" दिपकने विचारलं.

"पडला झाडावरून. ताडी ढोसून चढतात, दुसरं काय होणार. वटवाघळं वाडी खाऊन चाललीत आणि हे साहेब हात बांधून बसलेत."

चिमणने लोंबती बाही प्लास्टरखाली खोचली.

दिपकला शिसारी आली. बंदूक तोंडावर फेकावी असं वाटलं, आणि त्याने काय केलं, तर धागा चिमटीने काढून खाली टाकला. श्यामकांतच्या बापापासूनचं गिर्‍हाईक. मग त्याला स्वतःचीही किळस आली. पण हात कामाला लागले होते.

त्याने कपाटातून दोन नळ्या काढून काचेवर ठेवल्या. एक जाड आणि वजनदार, दुसरी बारीक.

"जाडच बसव," श्यामकांत म्हणाला. "ही फारच लेचीपेची निघाली."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चिकूची गाडी कुठे अडकली म्हणून कुणावर तरी ओरडत तो बाहेर रस्त्यावर गेला.

"पोलिसांत गेलास का?" दिपकने हळूच विचारलं.

"बायको पण त्याच्याच वाडीत कामाला हाय," चिमण म्हणाला.

एवढं बोलून तो काउंटरजवळ आला. डाव्या हाताने त्याने जाड नळी उचलली, खालीवर केली, परत ठेवली. मग बारीक उचलली. ती त्याने जरा जास्त वेळ हातात धरली, बाजारात बाई भाजी जोखते तशी.

"ही बसव, भाऊ. ही हलकी हाय."

दिपकने सांध्याचा बोल्ट काढला, बारीक नळी बसवली, चामड्याचा नवा वायसर घातला. नळी मिटताना फटीत कागदाची पट्टी धरली, ती ओढून निघेना. काम चोख झालं होतं, आणि त्याचाच त्याला राग आला.

श्यामकांत फोन खिशात टाकत परतला. "जाड बसवलीस ना?"

"जाड हिला बसत नाही," दिपक म्हणाला. त्या दिवशी त्याच्या हातून तेवढंच झालं.

श्यामकांतने तोंड वाकडं केलं. मग बंदूक दस्त्याकडून एका हातात धरली आणि सपकन हवेतून फिरवली. चिमण दोन पावलं मागे सरला.

"चालेल. हात तरी भरून येणार नाही." तो चिमणकडे वळला. "काय रे, कशी आहे नळी?"

"बरी हाय, शेट."

"तुला रे काय कळतं त्यातलं," श्यामकांत हसून म्हणाला, आणि गाडीत ठेवायला बंदूक चिमणच्याच चांगल्या हातात दिली.