मागची रेषा

गिऱ्हाईक ही जातच बिनडोक, असं जुन्नरच्या नवाब मिस्त्रीचं ठाम मत. त्यात मढच्या शाळेतल्या प्रज्ञा मॅडम इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो म्हणून गाडी घेऊन आल्या आणि वर म्हणाल्या, "बंद केली तरी आत कुणीतरी श्वास घेतंय, नवाबभाई."

"मॅडम, गाडी हाय ती, म्हैस न्हाई धापा टाकायला. असल्या गोष्टी शाळेत पोरांना सांगा."

त्यानं तोऱ्यात स्कॅनर जोडला. पडद्यावर दोन रेषा नाचू लागल्या.

"ही पुढची, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरात शिरतानाची. ही मागची, बाहेर पडतानाची. मागचीनं गप पडून राहायचं असतं. हितं ती पुढचीची नक्कल करती, म्हंजे कन्व्हर्टर मेला. झालं तुमचं भूत!"

त्यानं इंजिन बंद केलं, स्कॅनर चालू राहावा म्हणून चावी तेवढी अर्धी फिरवून ठेवली. रेषा थांबल्या नाहीत. नुसत्या संथ झाल्या आणि एकीमागं एक चढू-उतरू लागल्या.

"वायर सैल असंल," म्हणत नवाब पडद्यावर वाकला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याची छाती फुगली की पुढची रेषा चढत होती, छाती बसली की उतरत होती. मागची तिची नक्कल करत होती.

हसण्यावारी न्यावं म्हणून त्यानं मान वळवली. मॅडम कधीच्याच बाहेर, पार रस्त्यावर जाऊन उभ्या होत्या.

नवाबनं श्वास रोखला. पुढची रेषा सपाट पडली.

मागची चालूच राहिली. आता जराशा घाईनं.