उघडा गळा

कॉलर गळ्यावरून निघाली आणि खोलीभर वास सुटला. ओलं पोतेरं बादलीत विसरावं, तसा. दुकानवाल्या ताईने श्वास रोखला. मानेच्या आणि पाठीच्या पट्ट्यांचं हे दुकान ती कित्येक वर्षं चालवत होती. समोरच्या दवाखान्यातून येणाऱ्या पेशंटांचा घाम, मलमं, न धुतलेल्या पाठी, सगळ्याची तिला सवय होती. पण असली घाण तिनेही पाहिली नव्हती. आतला फोम काळपट पिवळा पडला होता. त्यात केस रुतले होते. हनुवटीच्या खाचेत अन्नाचे कण सुकून चिकटले होते.

"ही कधी धुता की नाही?" ताईने विचारलं.

"धुवायला काढावी लागते," स्टुलावरची बाई म्हणाली.

"मग काढायची. अंघोळीला काढायची, झोपताना काढायची."

बाईची मान पांढरीफटक पडली होती, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी सुरकुतलेली. कानाखाली पुरळ उठून त्यातून लस येत होती. ताईने हातमोजे घातले आणि तरीही अंग चोरतच ती मान पुसायला घेतली.

दाराशी नवरा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, मंद अत्तर, बायकोची पर्स काखेत नीट सांभाळलेली. "बघा ना ताई," तो म्हणाला, "डॉक्टरांनी कधीच बंद करा म्हणून सांगितलंय. पण ही ऐकेल तर शपथ. समोर जेवायला बसली की घास उतरत नाही. माझ्या बहिणीने घरी यायचं सोडलं. मी तर हिला फुलासारखं जपतो हो."

ताईला त्याची दया आली. तिच्या नवऱ्याने तिची पर्स कधी अशी धरली नव्हती. त्यात हात तेवढा घालायचा.

"अजून दुखतंय का?" तिने बाईला विचारलं.

"नाही."

"चक्कर येते? हाताला मुंग्या?"

"नाही."

"मग हे मढं गळ्यात बांधून कशाला फिरताय? पट्ट्याच्या जिवावर राहिली तर मान लुळी पडते." ताईने ती कॉलर दोन बोटांच्या चिमटीत उचलली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर झाकण दाबलं. एक काम मार्गी लागल्यासारखं तिला वाटलं.

बाई डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला नवी द्या. टणक. हनुवटीपासून छातीपर्यंत येते ती."

"ती मणका मोडलेल्यांना लागते."

"तीच द्या."

नवरा हसत पुढे आला आणि तिच्या मागे उभा राहिला. "वेडी आहे झालं. गळा मोकळा किती छान दिसतो बघ." असं म्हणत त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. अंगठा एका कानाखाली गेला, बोटं दुसऱ्याखाली. स्वतःच्या घरात अंधारातही दिव्याचं बटण सापडावं, तितक्या सरावाने. त्याने दाबलं नाही. नुसता ठेवला.

बाई दचकली नाही. तिने फक्त श्वास घ्यायचं थांबवलं.

ताईने आजवर हजारो माना हाताळल्या होत्या. परका हात लागला की माणूस खांदे उचलतं, अंग आक्रसतं, निदान हसतं तरी. अशी दगड झालेली मान तिने पाहिली नव्हती. त्या स्वच्छ, कापलेल्या नखांकडे बघताना तिला शिसारी आली. मघाच्या वासाने आली नव्हती, इतकी. आणि हा गळा तिनेच पुसून, उघडा करून त्याच्यापुढे ठेवला होता.

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली. "माप घ्यायचंय. कपडे सैल करावे लागतील."

"मी नवराच आहे की."

"तुम्ही त्यांचे नवरे. दुकान माझं आहे."

तो हसला, पर्स सांभाळत बाहेर गेला. ताईने आतून कडी घातली.

मग बाईनेच हलक्या आवाजात सांगितलं, "आधी खरंच मान लचकली होती. म्हणून डॉक्टरांनी कॉलर दिली. त्याच रात्री त्याने गळ्याला हात घातला, पण कॉलरमुळे पकड बसेना. चिडला, पण बसेना. तेव्हापासून मी काढलीच नाही, ताई. घाण वाटते मलाही. पण मऊ होती ती, आता दबायला लागली होती."

ताईचा हात टणक कॉलरच्या खोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने हातमोजे काढून फेकले. मागचं दार उघडलं. पलीकडे तिचंच स्वयंपाकघर होतं आणि तिची जाऊ ओट्याशी उभी होती.

"जाऊबाई, यांना वर तुमच्या खोलीत न्या. दार लावून घ्या आणि पोलिसांना फोन लावा. मी इथे याला अडकवून ठेवते."

बाई उठली. उंबऱ्याशी क्षणभर अडखळली, गळ्याशी हात नेला. तिथे काही नव्हतं. ती तशीच आत गेली. जाऊबाईंनी दार ओढून घेतलं.

पुढच्या दारावर हलकेच टकटक झाली. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, समजूतदार, गोड.

"ताई, तिचा हट्टच असेल तर द्या एखादी. पण टणक नको हं. मऊच द्या."